नाकावर काटे, भुवया विरळ : ट्रायकोडिस्प्लेजिया स्पिनुलोसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनी बदलून वर्षभर झालेलं असतं. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) छान असतं, माणूस कामावर परत रुजू झालेला असतो. आणि एक दिवस तोंड धुताना नाकावरून बोट फिरतं, तर किसणीवरून फिरल्यासारखं खरखरीत लागतं. आरशात बघितलं तर बारीक पुरळ आणि त्यातून वर आलेले पांढुरके काटे. हा मजकूर अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. त्वचारोगांची डॉक्टर म्हणून माझ्यासमोर येणारे प्रश्न, ज्या शब्दांत विचारले जातात त्याच शब्दांत घेतले आहेत.

हा आजार नेमका काय आहे?

केसाच्या मुळाला होणारा विषाणूचा आजार. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या माणसालाच तो होतो : किडनी, हृदय, फुप्फुस बदललेले रुग्ण (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते), ल्युकेमिया किंवा लिम्फोमा (रक्ताचे आणि लसिकाग्रंथींचे कॅन्सर) असलेले आणि त्याची केमोथेरपी घेणारे, क्वचित ल्युपससारख्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा) आजारासाठी जोरदार औषधं चालू असलेले. आजार खूप दुर्मिळ आहे. जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले रुग्ण हजारांत नाहीत, फार तर शंभराच्या आसपास. पण कित्येक रुग्णांना ‘पिंपल्स आहेत’ म्हणून परत पाठवलं जात असणार, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कशी होते?

बहुतेकदा नाकापासून. नाकाचा शेंडा, नाकपुड्यांच्या बाजू, मग गाल, कपाळ, भुवयांच्या मधली जागा, हनुवटी, कानाच्या पाळ्या. त्वचेच्याच रंगाचे किंवा किंचित लालसर, मोहरीपेक्षाही लहान फोड दाटीवाटीने उठतात. त्यातल्या काहींच्या मधोमध एक मिलिमीटरभर लांबीचा, कडक, पांढरा-पिवळसर काटा असतो. दुखत नाही. थोडी खाज येते किंवा तीही येत नाही. सोबत भुवया विरळ होत जातात, कधी पापण्यांचे केसही गळतात. काही जणांना हातापायांवर आणि पाठीवरही पुरळ येतं, पण चेहऱ्याचा मधला भाग ही याची खरी जागा.

दुर्लक्ष झालं तर चेहऱ्याची त्वचा जाड होते, नाक सुजल्यासारखं दिसतं आणि सगळा चेहरा कोवळ्या फणसाच्या सालीसारखा लागतो. काही रुग्णांचे चेहरे इतके बदलतात की जुना फोटो शेजारी ठेवावा लागतो.

नाव एवढं अवघड का?

‘ट्रायको’ म्हणजे केस, ‘डिस्प्लेजिया’ म्हणजे घडण बिघडणं, ‘स्पिनुलोसा’ म्हणजे बारीक काट्यांचं. केसाची घडण बिघडून काटे येणारा आजार. मराठीत याला रूढ नाव नाही, त्यामुळे फाइलवर आहे तेच नाव लिहून घ्या. दुसऱ्या शहरात दाखवायची वेळ आली तर ते कामाला येईल.

हा आजार नवा आहे का? आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नावही ऐकलं नव्हतं.

त्यांचा दोष नाही. १९९५ च्या सुमारास युरोपातल्या डॉक्टरांनी किडनी बदललेल्या रुग्णांमध्ये असे काटे पाहिले आणि दोष सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाला दिला. तर्क चुकीचा म्हणता येणार नाही, कारण सायक्लोस्पोरिनने अंगावरचे केस वाढतात हे माहीत होतंच. १९९९ मध्ये अमेरिकेत अशाच एका रुग्णाच्या त्वचेचा तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला, तेव्हा केसाच्या मुळाच्या पेशींत विषाणूचे गोलसर कण रांगेने बसलेले दिसले. म्हणजे औषध थेट कारण नव्हतं. औषधाने दार उघडलं होतं, आत शिरला होता तो विषाणू. पण कोणता?

ते कळायला २०१० उजाडलं. नेदरलँड्समध्ये हृदय बदललेल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर असे काटे आले होते, भुवया गेल्या होत्या. तिथल्या संशोधकांनी त्याचे काटे उपटून त्यांतला डीएनए तपासला. पॉलिओमा कुळातल्या विषाणूंचा डीएनए बांगडीसारखा गोल असतो आणि गोल डीएनएच्याच भराभर प्रती काढणारी एक पद्धत असते, ती त्यांनी वापरली. हाताला लागला एक अगदी नवा पॉलिओमा विषाणू. आजाराच्या नावावरूनच त्याचं नाव ठेवलं, ट्रायकोडिस्प्लेजिया स्पिनुलोसा पॉलिओमा व्हायरस. मला ही गोष्ट फार आवडते. एवढा मोठा शोध लागला तो मुलाच्या नाकावरून चिमट्याने काढलेल्या काट्यांतून.

मला हा विषाणू आला कुठून? नव्या किडनीतून आला का?

किडनी देणाऱ्याकडे बोट दाखवू नका, विशेषतः ती आईने किंवा बायकोने दिली असेल तर. हा प्रश्न घरात फार खोल जखम करतो, म्हणून स्पष्ट लिहिते : दिलेल्या अवयवातून हा आजार येतो असं मानलं जात नाही.

हा विषाणू माणसांत सर्रास फिरतो. नेदरलँड्समधल्या निरोगी प्रौढांचं रक्त तपासलं तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांत त्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडली. म्हणजे दहातल्या सात जणांना तो कधीतरी, बहुधा लहानपणीच, होऊन गेलेला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. आजारी पडतात ते मोजकेच, आणि त्यांतल्या काहींच्या जुन्या, जपून ठेवलेल्या रक्तात प्रतिपिंडं नव्हती, ती आजारासोबत तयार झाली असं आढळलं आहे. थोडक्यात, ज्याची या विषाणूशी पहिली गाठ नेमकी प्रतिकारशक्ती दाबलेली असताना पडते, त्याला धोका जास्त. प्रत्यारोपण झालेल्या लहान मुलांत हा आजार दिसतो त्याचं एक कारण हेही असावं.

हे काटे म्हणजे केस आहेत का? की मस?

दोन्ही नाही. केसाच्या मुळाभोवती पेशींचं एक आतलं आवरण असतं. वाढणाऱ्या केसाला ते साच्यासारखं आकार देतं. हा विषाणू नेमका त्या आवरणाच्या पेशींत वाढतो. ज्या पेशींनी वाढ थांबवून पक्व व्हायचं, त्या विभागतच राहतात, फुगतात आणि त्यांच्यात ट्रायकोहायलिन नावाच्या प्रथिनाचे मोठमोठे लाल दाणे साठतात. केस तयारच होत नाही. केसाच्या वाटेने बाहेर येतो तो या पेशींचा आणि केराटिनचा (केस-नखं ज्याची बनतात त्या प्रथिनाचा) घट्ट चोथा. तोच काटा. भुवया का जातात याचंही उत्तर यातच आहे.

मस हा वेगळ्या विषाणूचा आजार आहे. मसावर लावायचं जळजळीत औषध चेहऱ्यावरच्या या काट्यांना लावू नका.

घरच्यांना लागेल का? टॉवेल, ताट, साबण वेगळं ठेवायचं का?

नाही. घरातल्या बहुतेक मोठ्या माणसांना हा विषाणू आधीच होऊन गेलेला असतो आणि धडधाकट माणसाला त्याने काटे येत नाहीत. एकत्र जेवा, नातवंडाला मांडीवर घ्या. टॉवेल आणि रेझर प्रत्येकाचा वेगळा असावा ही साधी स्वच्छता आहे, ती पाळा, पण भीतीपोटी नको. दुसरं कुणी घरात प्रत्यारोपण झालेलं किंवा केमो घेणारं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

खरं सांगा, हा महारोग तर नाही ना?

हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. बरोबरचे नातेवाईक बाहेर गेले की दार ओढून घेऊन विचारतात. महाराष्ट्रात तो मनात येणं साहजिक आहे. भुवया गळणं, कानाच्या पाळ्या जाड होणं, चेहरा सुजट आणि सिंहासारखा दिसणं ही कुष्ठरोगाच्या एका प्रकाराची लक्षणं म्हणून आपल्या आजी-आजोबांच्या पिढीलाही माहीत होती. गावात चार माणसांनी बघितलं की कुजबुज सुरू होते. मुलीचं लग्न ठरत असलेल्या घरात तर विचारूच नका.

फरक असा. कुष्ठरोगाचा जंतू त्वचेसोबत नसांना धरतो. चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, गरम-गार कळत नाही, कोपरामागची किंवा मानेवरची नस जाड लागते, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा येतो. ट्रायकोडिस्प्लेजियात संवेदना शाबूत असते आणि कुष्ठरोगात असे कडक काटे येत नाहीत. तरीही मी सांगेन की शंका असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी, कारण त्वचेचा एकच तुकडा दोन्ही प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो. आणि समजा कुष्ठरोगच निघाला तरी आभाळ कोसळत नाही. तो बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळतात. नसांचं नुकसान होतं ते लपवून ठेवल्यामुळे.

मला आधी पिंपल्सचं, मग फंगसचं औषध दिलं. त्याने काही बिघडलं का?

बिघडू शकतं, म्हणून याचं उत्तर नीट वाचा.

पुरळ म्हटलं की आपल्याकडे तीन गोष्टी होतात. पहिली, मेडिकलवाला स्टेरॉइड असलेलं मिश्र मलम देतो. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, तरी ती मिळतात. स्टेरॉइड त्या जागेची उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दाबतं. चेहऱ्यावर दोन दिवस बरं वाटतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं.

दुसरी, गजकर्ण समजून इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या सुरू होतात. किडनी बदललेल्या माणसासाठी ही धोक्याची घंटा आहे. या गोळ्यांमुळे टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत, रक्तातली पातळी चढते, किडनीवर ताण येतो. वर प्रतिकारशक्ती आणखी दबते, म्हणजे मूळ आजारालाच खतपाणी. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हेच हवं : ‘माझी किडनी बदललेली आहे, मला टॅक्रोलिमस चालू आहे.’

तिसरी गोष्ट म्हणजे माणूस वाट बघत बसतो. नेफ्रॉलॉजिस्टची (किडनीच्या डॉक्टरांची) भेट पाच मिनिटांची, त्यात क्रिएटिनिन, बीपी, औषधाची लेव्हल एवढंच बोलून होतं. नाकाचं सांगायचं राहून जातं. मास्क लावून बसलेल्या रुग्णाचं नाक कुणाला दिसत नाही. मास्क खाली करा आणि दाखवा.

निदान कसं करतात? बायोप्सीची भीती वाटते.

अनुभवी डोळ्याला डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) लावून बघितल्यावरच बरीच कल्पना येते. खात्रीसाठी पंच बायोप्सी करतात. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, एखादा टाका घालतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. मायक्रोस्कोपखाली फुगलेली केसाची मुळं आणि लाल दाण्यांनी भरलेल्या पेशी दिसल्या की निदान जवळपास पक्कं.

नाकाच्या शेंड्यावर वण नको म्हणून कपाळाच्या कडेचा किंवा कानामागचा फोड निवडायला सांगता येतं. विचारायला लाजू नका.

बायोप्सीशिवायही एक वाट आहे. काट्यातच विषाणू खच्चून भरलेला असतो, त्यामुळे चिमट्याने काढलेले दोन-चार काटे पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या) तपासणीला पुरतात. पण ही पीसीआर गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही, मोठ्या संशोधन प्रयोगशाळेशी संपर्क साधावा लागतो. आणि नुसता विषाणू सापडला म्हणून आजार ठरत नाही. काटे नसलेल्या किडनी-रुग्णांच्या भुवयांवरही शंभरात चार-पाच जणांत त्याचा अंश मिळाला आहे. प्रमाण किती हे महत्त्वाचं. आजारी त्वचेत तो लाखो पटींनी जास्त असतो.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद केली तर काटे जातील ना? मग मीच बंद करतो.

नका करू. हे मी प्रत्येक रुग्णाला दोनदा सांगते, एकदा त्याला आणि एकदा त्याच्या घरच्यांना.

तर्क बरोबर आहे, म्हणूनच तो घातक आहे. दाबलेली प्रतिकारशक्ती सैल झाली की काटे खरोखर कमी होतात. केमोथेरपी संपलेल्या मुलांत काही महिन्यांत ते आपोआप गेल्याच्या नोंदी आहेत. पण बदललेल्या किडनीचं तसं नाही. त्या गोळ्या हाच तिचा श्वास आहे. चार दिवस गोळ्या चुकल्या तरी शरीर तिला परकी समजून नाकारू शकतं, आणि ते सुरुवातीला जाणवतही नाही. लघवी कमी होईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. नाक साफ झालं आणि आठवड्याला तीन वेळा डायलिसिस मागे लागलं, हा सौदा कुणाला परवडेल? किडनी कुणीतरी स्वतःच्या अंगातून काढून दिलेली असते, किंवा एखाद्या कुटुंबाने आपलं माणूस गेल्याच्या दिवशी दान केलेली असते.

औषध कमी करायचं की नाही, कोणतं आणि किती, हे नेफ्रॉलॉजिस्टने ठरवायचं असतं. अनेकदा मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची मात्रा उतरवतात किंवा एक औषध बदलून दुसरं देतात, टॅक्रोलिमसची पातळी थोडी खाली आणतात आणि क्रिएटिनिन वारंवार बघतात. त्वचेचा डॉक्टर आणि किडनीचा डॉक्टर यांनी एकमेकांशी फोनवर बोलावं असा आग्रह धरा. तो तुमचा हक्क आहे.

दुसरे उपचार कोणते?

औषधांची मात्रा कमी करणं हा पाया. त्यावर दोन गोष्टींचा उपयोग झाल्याच्या नोंदी सर्वांत जास्त आहेत.

एक, सिडोफोविर या विषाणूविरोधी औषधाचं मलम, साधारण १ ते ३ टक्के. हे तयार ट्यूबमध्ये मिळत नाही. इंजेक्शनच्या औषधातून फार्मासिस्टकडून बनवून घ्यावं लागतं, महाग पडतं आणि मिळवायला खटपट लागते. शिरेतून दिलं तर सिडोफोविर किडनीला झोंबतं, म्हणून मलम. तेही सोललेल्या त्वचेवर किंवा मोठ्या भागावर लावताना किडनीवर लक्ष ठेवून.

दोन, व्हॅलगॅन्सायक्लोविर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या. प्रत्यारोपणानंतर सीएमव्ही विषाणू टाळायला याच देतात, त्यामुळे अनेकांच्या ओळखीच्या असतील. यांनी पांढऱ्या पेशी उतरतात, मायकोफिनोलेट सोबत असेल तर जास्तच, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ठरल्या दिवशी करायची. मात्रा किडनीच्या कामावर ठरते, गोळी कुटून घ्यायची नाही, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी बोलायचं.

टॅझारोटिनसारख्या रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीच्या) मलमाने काहींना खरखर कमी झाल्याचं आढळलं आहे. किडनी बदललेल्या काही रुग्णांत लेफ्लुनोमाइड या गोळीचाही उपयोग झाला. आजार इतका विरळा आहे की मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. जे कळलं ते एकेका रुग्णाच्या अनुभवातून. म्हणून कुणी ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणालं तर तिथून उठा.

काटे उपटले तर चालतील?

डॉक्टरांनी निर्जंतुक चिमट्याने काढले तर चालतं, उलट त्याने त्वचेवरचा विषाणूचा साठा कमी होतो आणि काही रुग्णांना फरकही पडतो. घरी नखाने, सुईने, ब्लॅकहेड काढायच्या पट्टीने नको. दबलेल्या प्रतिकारशक्तीत नाकावरची एक साधी पिकलेली पुळीसुद्धा दवाखान्यात भरती करू शकते. पार्लरमधलं स्क्रब आणि वॅक्सही थांबवा.

प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा घेऊ का?

कोविडच्या दिवसांत घरोघर गुळवेल उकळली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद केली. तुमच्या बाबतीत प्रश्न आणखी सरळ आहे. डॉक्टर ज्या शक्तीला मोजून-मापून दाबत आहेत, तिलाच तुम्ही अंदाजपंचे डिवचणार. ती जागी झालीच तर नाकावरच्या विषाणूपुरती थांबणार नाही, किडनीवरही जाईल. गुळवेल, ‘इम्युनिटी बूस्टर’ पावडरी, कुणी आणून दिलेल्या पुड्या, काहीही नको. जाता जाता : पपनस आणि ग्रेपफ्रूटही टाळा, त्यांनी टॅक्रोलिमसची पातळी चढते. आई किंवा सासूबाई मायेने काढा करून देतात, त्यांना दुखवायचं नसतं हे मला कळतं. पुढच्या भेटीला त्यांनाही घेऊन या, मी समजावते.

याचा पुढे कॅन्सर होतो का?

या विषाणूने त्वचेचा कॅन्सर होतो असं आढळलेलं नाही. गोंधळ होतो तो त्याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूमुळे. २००८ मध्ये सापडलेला मर्केल सेल पॉलिओमा विषाणू एका दुर्मिळ त्वचा-कॅन्सरशी जोडलेला आहे. कुळ एक, पण स्वभाव वेगळे.

किडनीवाले ज्याची तपासणी करतात तो बीके व्हायरस हाच का?

नाही. बीकेही पॉलिओमाच, १९७१ पासून माहीत असलेला, पण तो बदललेल्या किडनीतच बिघाड करतो. ट्रायकोडिस्प्लेजियाचा विषाणू त्वचा धरतो. बीकेचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून नाकावरचे काटे दुसरं काहीतरी आहेत असं ठरत नाही.

माझ्या मुलाला आहे. शाळेत पाठवू का?

पाठवा. प्रत्यारोपणाच्या किंवा केमोच्या डॉक्टरांनी इतर कारणाने थांबवलं नसेल तर या काट्यांसाठी घरी ठेवायची गरज नाही. वर्गशिक्षकांना भेटून दोन वाक्यांत सांगा की निरोगी मुलांना असे काटे येत नाहीत, औषध चालू आहे. बारा-तेरा वर्षांचं मूल भुवया नसलेल्या चेहऱ्याने वर्गात बसतं तेव्हा त्याला जे सोसावं लागतं ते काट्यांपेक्षा मोठं असतं. आईची आयब्रो पेन्सिल वापरायची असेल तर खुशाल वापरू द्या, मुलगा असला तरी.

भुवया परत येतील का? किती दिवस लागतील?

बहुतेकांच्या येतात, कारण केसाचं मूळ जळालेलं नसतं, अडलेलं असतं. आधी काटे मऊ पडतात आणि तोंड धुताना गळतात, मग नाकाचा जाडपणा उतरतो, भुवया सगळ्यात शेवटी. आठवड्यांचा नाही, महिन्यांचा हिशेब धरा. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा. आरशात रोज बघून फरक कळत नाही, फोटोंत कळतो. आणि पुढे कधी रिजेक्शनसाठी (शरीर किडनी नाकारू लागलं म्हणून) औषधं वाढवावी लागली तर नाकावरून पुन्हा बोट फिरवून बघत जा, कारण काटे परत येऊ शकतात. दुसऱ्या वेळी मात्र ते काय आहेत हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळेल.